घरातला मनोरुग्ण आरोपी झाला तर: पोलीस ठाण्यापासून निकालानंतरपर्यंत

मनोविकाराने आजारी असलेल्या माणसावर गुन्हा दाखल झाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: त्याचे डोके ठिकाणावर नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, मग त्याला सोडत का नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण न्यायालयात त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी त्याचे दोन तुकडे करावे लागतात. पहिला तुकडा असा, की घटना घडली त्या क्षणी आरोपीची मनःस्थिती कशी होती. दुसरा असा, की आज, खटला चालू असताना, त्याला स्वतःचा बचाव करता येईल इतपत समज आहे का. या दोन प्रश्नांसाठी कायद्यात वेगवेगळी कलमे आहेत, ते वेगवेगळ्या टप्प्यांवर विचारले जातात, त्यांचे पुरावे वेगळे असतात आणि त्यांची फळेही वेगळी असतात. नवे वकील आणि आरोपीचे नातेवाईक यांची सर्वांत मोठी चूक या दोहोंची गल्लत करण्यात होते. म्हणून हा लेख वाचताना प्रत्येक पायरीवर आपण कोणत्या प्रश्नाबद्दल बोलत आहोत, हे लक्षात ठेवावे.

प्रथम कायद्यांची नावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू असते, आणि तेव्हा चालू असलेले खटले जुन्या प्रक्रियेनेच पुढे जातात. त्यामुळे कागदांवर दोन्ही प्रकारचे क्रमांक दिसतील. पहिल्या प्रश्नाचे कलम जुन्या दंड संहितेत ८४ होते, ते नव्या न्याय संहितेत २२ आहे. दुसऱ्या प्रश्नाची कलमे जुन्या प्रक्रिया संहितेत ३२८ ते ३३९ होती, ती नव्या संहितेत ३६७ ते ३७८ आहेत. यांच्या जोडीला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आहे, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला. फौजदारी न्यायालयात त्याचा उल्लेख व्हायला हवा त्यापेक्षा फारच कमी होतो.

पहिली पायरी: अटकेनंतरचे पहिले दोन दिवस

या दोन दिवसांत जे लेखी नोंदवले जाते, त्यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. अटक झाल्याचे कळताच घरातील एका जबाबदार व्यक्तीने पोलीस ठाण्यात जाऊन साधा अर्ज द्यावा. अमुक व्यक्ती अमुक वर्षापासून मानसिक आजारावर उपचार घेत आहे, तिची औषधे ही, शेवटचे उपचार अमुक रुग्णालयात झाले, औषध बंद पडल्यास तिची प्रकृती बिघडते, इतके त्यात असले तरी पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का आणि सही घ्यावी. ठाण्यात अर्ज स्वीकारला गेला नाही, तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात पोलीस आयुक्तांकडे पाठवावा आणि त्याची प्रत रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ठेवावी. तोंडी सांगितलेले कुठेच राहत नाही, हे मी माझ्या कामाच्या पहिल्याच वर्षात शिकलो. ज्या आईने हवालदाराला दहा वेळा सांगितले होते की मुलगा आजारी आहे, तिच्या त्या सांगण्याचा मागमूस दोषारोपपत्रात कुठेही नव्हता.

अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी अटकेनंतर लगेच झाली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३ सांगते. व्यवहारात ही तपासणी अंगावरच्या जखमांपुरती मर्यादित राहते. म्हणून वकिलाने पहिल्याच रिमांडला न्यायालयाकडे अर्ज करून मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी मागावी. आरोपी न्यायालयात कसा वागतो, प्रश्नांना उत्तरे देतो की नाही, स्वतःशी पुटपुटतो का, याची नोंद न्यायाधीशांनी रोजनाम्यात घ्यावी अशी विनंतीही त्याच वेळी करावी. त्या दिवशी न्यायाधीशांनी स्वतः पाहिलेले चित्र दोन वर्षांनी कोणत्याही साक्षीदाराला जसेच्या तसे उभे करता येत नाही. पूर्वीच्या आजाराची माहिती असताना तपास अधिकाऱ्याने आरोपीची ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे आणणे हे त्याचे कर्तव्यच आहे, आणि ते न केल्यास सरकार पक्षाच्या बाजूत गंभीर त्रुटी राहून संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका खटल्यात २००७ साली स्पष्ट केले आहे. पोलिसांना दिलेल्या त्या साध्या अर्जाचे खरे मोल येथे कळते, कारण माहिती होती हे त्या अर्जानेच सिद्ध होते.

वकील करण्याची ऐपत नसेल, तर थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेली व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि मनोरुग्णालयात ठेवलेली व्यक्ती या सर्वांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि अनेक जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालयही आहे, जेथील वकील फक्त अशा आरोपींचीच कामे पाहतात. दूरध्वनीवर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे मोफत विधी सेवेचा हक्क आजारी व्यक्तीला सांगणे ही पोलीस अधिकारी, न्यायदंडाधिकारी आणि तुरुंगाधिकारी या तिघांचीही जबाबदारी आहे.

कधी कधी माणसाने कोणताच गुन्हा केलेला नसतो. तो रस्त्यावर भरकटलेला असतो, किंवा घरच्यांनी घाबरून पोलिसांना बोलावलेले असते. अशा माणसाला तुरुंगात किंवा लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाविरोधी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने शीला बरसे यांच्या याचिकेवर १९९३ सालीच ठरवले. आज अशा व्यक्तीला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेले पाहिजे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आणल्यास ते तपासणी व उपचारांची आखणी करण्यासाठी जास्तीत जास्त दहा दिवस तिला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

दुसरी पायरी: कागद गोळा करणे

जामीनदार शोधण्याच्या धावपळीत हे काम मागे पडते, आणि मग कागद हरवतात. जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकल दुकानाची बिले, रिकाम्या गोळ्यांची पाकिटे, दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेने किंवा कामाच्या ठिकाणी दिलेली पत्रे हे सारे एका फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने लावावे. मूळ प्रती स्वतःकडे ठेवून वकिलाला छायाप्रती द्याव्यात. रुग्णालयाकडे जुनी नोंद असेल पण ते देण्यास टाळाटाळ करत असतील, तर रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २५ ने दिला आहे, याचा अर्जात उल्लेख करावा. तरीही नोंदी मिळाल्या नाहीत, तर त्या मागवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

अनेक घरांत मात्र एकही वैद्यकीय कागद नसतो. अंगात येते, बाहेरचे आहे, कुणी करणी केली आहे असे समजून वर्षानुवर्षे देवर्षी, भगत, दर्गा, मांत्रिक असे फिरणे झालेले असते, आणि डॉक्टर शेवटी येतो किंवा येतच नाही. मला याबद्दल घरच्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही तेथे माणसे जाणार तरी कुठे? पण अशा वेळी बचाव संपला असेही समजू नये. ज्या देवस्थानी नेले तेथील माणसे, शेजारी, शिक्षक, मुकादम, किराणा दुकानदार हे साक्षीदार होऊ शकतात. तो रात्ररात्र झोपत नसे, जेवणात विष आहे म्हणून ताट फेकून देई, भिंतीशी बोलत असे, अंगावरचे कपडे टाकून निघून जाई, अशा प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि शक्यतो महिना-वर्षानिशी सांगितलेल्या गोष्टींना न्यायालयात किंमत असते. "तो वेडा होता" या मोघम वाक्याला ती नसते.

तिसरी पायरी: आजच्या समजेचा प्रश्न न्यायालयापुढे मांडणे

येथे दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आरोपी आज स्वतःचा बचाव करू शकतो का याला हात घालायचा असतो. त्याच्यावर काय आरोप आहे, न्यायाधीश कोण, सरकारी वकील कोण, आपला वकील कोण, साक्षीदार काय सांगत आहे आणि शिक्षा झाली तर काय होईल हे त्याला कळते का, आणि घटनेबद्दल तो वकिलाला सुसंगत माहिती देऊ शकतो का, हे पाहावे लागते. आजार असूनही औषधांवर स्थिर असलेला माणूस ही कसोटी सहज पार करू शकतो. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी आपोआप कायद्याच्या अर्थाने मनोविकल ठरत नाही, हे मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ३ मध्येच सांगितले आहे.

खटल्याआधीच्या चौकशीच्या टप्प्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांना नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६७ लागू होते, तर खटल्याच्या टप्प्यावर न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायालय यांना कलम ३६८ लागू होते. आरोपी मनोविकल असून त्यामुळे बचावास असमर्थ आहे असे न्यायालयाला दिसले, की खटला बाजूला ठेवून तेवढ्याच मुद्द्याची आधी चौकशी करणे न्यायालयावर बंधनकारक आहे. अर्ज कोणी केला नाही तरी न्यायाधीश स्वतःहून हे करू शकतात. पण बचावाच्या वकिलाने त्यावर विसंबून राहू नये. अर्जात आजाराचा थोडक्यात इतिहास, आजची लक्षणे, वकिलाला आरोपीशी बोलताना आलेला अनुभव आणि जोडलेल्या कागदांची यादी द्यावी. दोषारोप निश्चित होण्यापूर्वी हा अर्ज झाला तर उत्तम, कारण आरोप वाचून दाखवल्यावर न समजता "कबूल आहे" म्हणून मोकळा झालेला आरोपी पुढे सगळ्यांनाच अडचणीत टाकतो.

यानंतरचा प्रवास साधारण असा होतो. चौकशीच्या टप्प्यावर न्यायालय आरोपीला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलात, तपासणीसाठी पाठवते आणि त्या डॉक्टरांची साक्ष लेखी नोंदवते. शल्यचिकित्सकांना मनोविकलता आढळली, तर ते त्याला सरकारी रुग्णालयातील किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि गोव्यात बांबोळी येथे मनोविकारांची सरकारी संस्था आहे. आरोपीला निरीक्षणासाठी बहुधा याच ठिकाणी ठेवले जाते. तज्ज्ञाच्या अहवालाने आरोपीचे समाधान झाले नाही, तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचे प्रमुख आणि जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्राचे एक अध्यापक असे हे मंडळ असते. या अपिलाचा वापर फारच कमी होतो, कारण ते आहे हेच अनेकांना माहीत नसते.

अहवालात काय असावे, याबद्दल एक सूचना. "रुग्ण सध्या स्थिर आहे" असे एका ओळीचे पत्र आले, तर त्यावर समाधान मानू नये. आरोपी बचाव करण्यास समर्थ आहे का, या नेमक्या प्रश्नाचे उत्तर, त्याची कारणे आणि उपचारास किती काळ लागेल याचा अंदाज हे सारे अहवालात यायला हवे. नसेल तर न्यायालयाकडे ते मागावे. शेवटचा निर्णय डॉक्टरांचा नसतो, न्यायाधीशांचा असतो, आणि त्यांना तो कारणांवरच द्यायचा असतो.

आरोपी असमर्थ ठरला तर पुढे दोन वाटा फुटतात. न्यायालयाने आरोपीला प्रश्न न विचारता, फक्त सरकार पक्षाचे कागद पाहून आणि आरोपीच्या वकिलाचे म्हणणे ऐकून, प्रथमदर्शनी प्रकरण उभे राहते का ते ठरवायचे असते. उभे राहत नसेल, तर खटला लांबणीवर न टाकता त्याला दोषमुक्त करायचे असते. या टप्प्यावर दुबळे प्रकरण संपवण्याची खरी संधी असते, आणि माझ्या मते बचावाच्या वकिलांनी येथे पूर्ण ताकदीने युक्तिवाद केला पाहिजे. प्रकरण उभे राहत असेल, तर तज्ज्ञाने सांगितलेल्या उपचारकाळापुरता खटला थांबवला जातो. आरोपी बरा झाला, की कलम ३७० प्रमाणे तो पुन्हा सुरू होतो. त्या वेळी तो अजून सक्षम नाही असे दिसले, तर पुन्हा तीच चौकशी करावी लागते.

बौद्धिक अक्षमतेची गोष्ट वेगळी आहे. ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हणत, ती स्थिती औषधाने बरी होत नाही. त्यामुळे बरा होण्याची वाट पाहत खटला लटकत ठेवणे निरर्थक आहे. म्हणून आरोपी बौद्धिक अक्षमतेमुळे बचावास असमर्थ असेल, तर न्यायालयाने कार्यवाही बंद करून त्याच्या देखभालीचा विचार करायचा असतो. तज्ज्ञाच्या अहवालात मनोविकलता आणि बौद्धिक अक्षमता यांतील फरक स्पष्ट लिहून यावा, यासाठी वकिलाने आग्रह धरावा. शाळेचे दाखले आणि दिव्यांग प्रमाणपत्र येथे फार उपयोगी पडतात. आरोपी मनोविकल नाही, पण बहिरा-मुका असल्यामुळे किंवा तशाच कारणाने त्याला कार्यवाही समजावून देताच येत नाही, असेही घडते. तेव्हा खटला चालवता येतो. मात्र दोषसिद्धी झाल्यास कलम ३५७ प्रमाणे प्रकरण उच्च न्यायालयाकडे अहवालासह पाठवावे लागते.

चौथी पायरी: जामीन आणि ठेवण्याची जागा

असमर्थ ठरलेल्या आरोपीसाठी कलम ३६९ हे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि वाचनात सर्वांत दुर्लक्षित राहणारेही तेच आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, त्याला रुग्णालयात दाखल करून उपचार देण्याची गरज नसेल आणि एखादा नातेवाईक किंवा मित्र हमी देत असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश न्यायालयाने द्यावा, असे हे कलम सांगते. हमी दोन गोष्टींची द्यावी लागते: जवळच्या रुग्णालयात ओपीडीत त्याचे नियमित उपचार करवून घेणे, आणि त्याच्या हातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ न देणे. हमीपत्र देणाऱ्याने मोघम लिहू नये. कोणत्या रुग्णालयात, दर किती दिवसांनी, घरातील कोण त्याला घेऊन जाणार, औषधे कोणाच्या हातून दिली जाणार आणि घरात इतर लहान मुले किंवा वृद्ध असल्यास काय व्यवस्था आहे, हे लिहिलेले असले की न्यायाधीशांना भरवसा वाटतो. फिर्यादी शेजारी राहत असेल, तर आरोपीला काही काळ दुसऱ्या गावी मामा-मावशीकडे ठेवण्याची तयारीही हमीपत्रात दाखवावी.

जामीन देता येत नाही असे न्यायालयाचे मत झाले किंवा योग्य हमी मिळाली नाही, तर त्याला नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवण्याचा आदेश द्यावा लागतो आणि त्याचा अहवाल राज्य शासनाला पाठवावा लागतो. तुरुंगातील साधी बराक ही अशी जागा नव्हे. आरोपी तुरुंगातच असेल, तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १०३ प्रमाणे त्याला तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातील मनोरुग्ण कक्षात हलवले पाहिजे, आणि तसा कक्ष नसेल तर याच अधिनियमाखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी या मंडळाला तुरुंगात कोणी मनोरुग्ण कैदी नसल्याचे प्रमाणपत्र पाठवायचे असते. आपला माणूस आत असताना असे प्रमाणपत्र गेले असेल, तर ते आव्हान देण्याजोगे आहे.

खटला थांबला म्हणजे प्रकरण विसरायचे नाही, हे मला येथे अगदी कळकळीने सांगायचे आहे. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक माणूस तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला गेला. १९६७ साली तेथील डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले, तरी त्याला सोडण्याऐवजी तुरुंगात हलवण्यात आले, आणि तो बाहेर पडला २००५ साली, चोपन्न वर्षांनी. त्याच्यावर खटला चाललाच नाही. दोन तारखांच्या मधल्या काळात कोणीच विचारपूस केली नाही, तर काय होऊ शकते हे यावरून कळावे. म्हणून दर तारखेला वकिलाने रुग्णालयाचा ताजा अहवाल मागावा, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा हिशेबही ठेवावा. जन्मठेप किंवा मृत्युदंडाची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ, कच्च्या कैदेत गेल्यावर सुटकेचा हक्क मिळू शकतो.

पाचवी पायरी: घटनेच्या वेळच्या मनःस्थितीचा बचाव

आता पहिला प्रश्न. न्याय संहितेचे कलम २२ सांगते, की कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा आपण करतो ते गैर आहे वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, त्याचे ते कृत्य गुन्हा होत नाही. ही भाषा १८६० च्या दंड संहितेपासून जवळपास तशीच आली आहे, आणि तिच्यामागे वेडाच्या बचावाविषयीचे इंग्लंडमधील १८४३ चे मॅकनॉटन नियम आहेत. मनोविकलता या शब्दाची व्याख्या कायद्याने केलेली नाही. न्यायालये वैद्यकीय वेड आणि कायदेशीर वेड असा भेद करतात: आजार होता एवढे पुरेसे नाही, त्या आजाराने त्या क्षणी समज हिरावून घेतली होती, असे दिसावे लागते. रागाचा झटका, स्वभावातील विक्षिप्तपणा किंवा स्वतःहून घेतलेल्या दारूची धुंदी यांना हे कलम संरक्षण देत नाही.

सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०८ सांगते. हे ऐकून घरचे हबकतात. पण हा भार सरकार पक्षाच्या भारासारखा जड नसतो. गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली सांगितले, की आरोपीने आपली बाजू अधिक संभवनीय असल्याचे दाखवले तरी चालते. त्याला तेवढेही जमले नाही, पण त्याच्या पुराव्याने गुन्ह्यास आवश्यक असलेल्या हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तरी त्याचा फायदा त्यालाच मिळतो.

प्रत्यक्षात न्यायालय घटनेपूर्वीचे, घटनेच्या वेळचे आणि घटनेनंतरचे वर्तन एकत्र पाहते. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचा खटला या दृष्टीने प्रत्येक नव्या वकिलाने वाचावा. त्याने १९९४ साली पोलीस वसाहतीत दिवसाढवळ्या पत्नीचा खून केला होता, आणि खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याला निर्दोष सोडले. वडिलांना मानसिक आजार होता, १९९२ पासून त्याच्यावर संशयग्रस्त स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, घटनेनंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते, खुनाचा हेतू दुबळा होता, आणि त्याने लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्नच केला नव्हता. यांतील कोणतीही एक गोष्ट एकटी पुरली नसती. पंचवीस भेटी सिद्ध झाल्या, कारण त्यांची नोंद होती. कागद जपून ठेवण्याबद्दल मी एवढे का लिहिले, ते यावरून ध्यानात यावे.

उलट बाजूने, हत्यार लपवणे, रक्ताचे कपडे धुणे, खोटे कारण सांगणे किंवा रात्रीतून गाव सोडणे ही आपण गैर केले हे कळत असल्याची खूण मानली जाते. म्हणून सरकार पक्षाच्या साक्षीदारांची उलटतपासणी आधीपासून आखावी लागते. घटनास्थळी आलेला शेजारी, पंच आणि तपास अधिकारी यांच्या तोंडून आरोपी तेथेच बसून होता, काही असंबद्ध बोलत होता, त्याने विरोध केला नाही, हे बाहेर काढावे. "घटना घडलीच नाही" आणि "घडली, पण त्याला समज नव्हती" या दोन बाजू एकाच वेळी अर्धवट मांडल्या, की दोन्ही दुबळ्या होतात. कोणती धरायची, हे दोषारोपपत्र वाचून लवकर ठरवावे.

डॉक्टरांची साक्ष घेताना एक मर्यादा पाळावी. घटनेनंतर सहा महिन्यांनी तपासलेल्या डॉक्टरला "त्या क्षणी त्याला कळत होते का" असे थेट विचारण्यात अर्थ नाही. आजार कोणता, तो किती काळापासून असावा, त्यात भास आणि संशय कसे असतात, औषध थांबल्यास काय होते आणि अशा स्थितीत रुग्णाची समज कितपत राहते, हे त्यांच्याकडून येऊ द्यावे. त्यावरून निष्कर्ष काढणे वकिलाचे आणि न्यायाधीशांचे काम आहे. सरकार पक्षाने आजाराच्या पुराव्यालाच आव्हान दिले, तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे तो मुद्दा पुनरावलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवण्याची मागणी करता येते.

सहावी पायरी: निकाल आणि त्यानंतर

या बचावावर निर्दोष ठरलेला आरोपी त्याच दुपारी घरी येईल असे समजून कुटुंबे न्यायालयात येतात, आणि त्यांचा हिरमोड होतो. आरोपीने ते कृत्य केले होते की नव्हते, याचा स्पष्ट निष्कर्ष कलम ३७३ प्रमाणे निकालात लिहावा लागतो. केले होते असे ठरले, तर कलम ३७४ प्रमाणे न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी, बहुधा मनोरुग्णालयात, ठेवण्याचा आदेश देते किंवा नातेवाइकाच्या अथवा मित्राच्या ताब्यात देते. ताब्यात हवा असेल तर तसा अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाचे समाधान होईल अशी जामीनकी द्यावी लागते. त्याची नीट काळजी घेऊ, त्याच्या हातून कोणाला इजा होऊ देणार नाही आणि सांगितलेल्या वेळी व ठिकाणी त्याला तपासणीसाठी हजर करू, अशी हमी त्यात असते. हा अर्ज निकालाच्या आधीच तयार ठेवावा. निकालानंतर तो लिहिण्यात गेलेला प्रत्येक दिवस आरोपी आतच काढतो.

मृत्युदंडाच्या प्रकरणात आजाराचा विचार शिक्षा झाल्यावरही होऊ शकतो. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, ज्यात आरोपीचे नाव झाकून "आरोपी एक्स" असे लिहिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवले, की शिक्षेनंतर उद्भवलेला तीव्र मानसिक आजारही मृत्युदंड कमी करण्याचे कारण होऊ शकतो. त्या माणसाला उरलेल्या आयुष्याची कैद देताना त्याच्या उपचारांची व्यवस्था मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाप्रमाणे करण्यास न्यायालयाने शासनाला सांगितले.

मनोरुग्णालयात ठेवलेल्या व्यक्तीसाठी पुढचा मार्ग कलम ३७७ आणि ३७८ मध्ये आहे. त्याला सोडल्याने त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका नाही असे प्रमाणपत्र मिळाल्यावर राज्य शासन सुटकेचा आदेश देऊ शकते किंवा आणखी चौकशीसाठी एक न्यायिक अधिकारी आणि दोन वैद्यकीय अधिकारी यांचा आयोग नेमू शकते. नातेवाइकांनी ताब्यात घेण्यासाठी केलेला अर्जही शासनाकडेच जातो. अर्जासोबत रुग्णालयाचा ताजा अहवाल, घरात कोण कोण आहे याचे प्रतिज्ञापत्र आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीचे कार्ड जोडावे, आवक क्रमांक लिहून घ्यावा, आणि उत्तर आले नाही तर ठरावीक दिवसांनी स्मरणपत्र देत राहावे. शासनाने अर्ज कारण न देता पडून ठेवला, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि त्यासाठीही विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो.